मागच्या पानावरची पाच नावं

शिरोली एमआयडीसीतून एका ताईंचं चार पानी पत्र आलं आहे. नाव-पत्ता बाजूला ठेवून त्यातला मुख्य भाग देतो.

"आमचं मशिनिंगचं शेड आहे. फौंड्रीतून कास्टिंग (ओतीव सुटे भाग) येतं, टर्निंग-ड्रिलिंग-मिलिंग करून आम्ही माल पार्टीला, म्हणजे माल घेणाऱ्या कंपनीला, देतो. मशीन मिस्टर बघतात. बिलं, बँक आणि पगार माझ्याकडे. मस्टरवर (हजेरीपटावर) २१ माणसं, महिन्याचं बिलिंग १५ लाखांच्या आसपास. २१ नोव्हेंबर २०२५ ला नवे कामगार कायदे लागू झाले तेव्हापासून रोज कुणीतरी नवीन काहीतरी सांगतं. एक म्हणतो सगळ्यांचं बेसिक एकूण पगाराच्या निम्मं करा, दुसरा म्हणतो भत्तेच बंद करा. कन्सल्टंट म्हणतात जाऊबाईंच्या नावाने दुसरी फर्म काढा आणि निम्मी माणसं तिकडे दाखवा. ओटी, म्हणजे जादा तासांचा पगार, आम्ही तासाला ७० रुपये देतो, आमच्या लाइनीत सगळे तेवढाच देतात. मागच्या महिन्यात एक मुलगा सोडून गेला, आता रोज मेसेज टाकतो, 'दोन दिवसांत हिशेब द्यायचा कायदा आहे.' पार्टी पैसे देते ११० दिवसांनी. मस्टरशिवाय आणखी पाच जण आहेत, तीन हेल्पर मुलं आणि बर (मशिनिंगनंतर धातूच्या कडेला राहणारे खरखरीत कोंब) काढणाऱ्या दोन बायका. त्यांची नावं मी हजेरी वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलने लिहिते. त्यांच्या पगारातून आम्ही काहीच कापत नाही. आम्ही चोर नाही हो. पण रात्री झोप लागत नाही. कुठून सुरुवात करू?"

ताई, सुरुवात मागच्या पानापासून करा.

बेसिक किती, भत्ते किती हे प्रश्न आपण सोडवूच, ते आकडेमोडीने सुटतात. पण त्या पाच नावांची गोष्ट वेगळी आहे. मी कोल्हापूर भागातल्या कारखान्यांत २६ वर्षं पगारपत्रकं केली. माझ्या उमेदवारीच्या काळात एका शेडमध्ये मस्टरबाहेरच्या एका पोराचं बोट ड्रिलमध्ये गेलं. दवाखान्यात पहिला प्रश्न आला, ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा, नंबर काय. नंबर नव्हता. मालक माणूस वाईट नव्हता, त्याने खर्च खिशातून केला, महिनाभर पगारही दिला. पण कामावर अवयव गेला तर ईएसआयकडून जन्मभर जो अपंगत्व लाभ मिळतो, तो त्या पोराला मिळाला नाही. आज तो पन्नाशीला आला असेल. वहीच्या मागच्या पानावर नाव म्हटलं की मला तो बांधलेला हात दिसतो, म्हणून तुमच्या इतर प्रश्नांआधी मी याच्यावर बोलतोय.

या पाच जणांना आत घ्यायचा खर्च बघू. तुम्ही लिहिता, मुलांना रोज ५८० आणि बायकांना ४८०. काम दोघांचं तेच, फाइल आणि ग्राइंडर घेऊन बर काढायचं, माल पुसून क्रेटमध्ये लावायचा. मग हा शंभराचा फरक आज थांबवा. एकाच कामाला बाई म्हणून कमी देणं १९७६ च्या समान वेतन कायद्यातही चालत नव्हतं, आता तीच तरतूद नव्या कायद्यांपैकी वेतन संहितेत आली आहे. दोन बायकांचे मिळून महिन्याला ५,२०० वाढतील. त्याच बैठकीत दोन्ही रोज तुमच्या परिमंडळाच्या किमान वेतनाच्या अकुशल दराशी ताडून घ्या. दर बघताना मूळ दर आणि विशेष भत्ता यांची बेरीज धरायची. हा भत्ता दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला बदलतो. जानेवारीचा बदल अजून लावला नसेल तर फरकासकट लावा.

५८० गुणिले २६ म्हणजे १५,०८०. त्यावर पीएफचा तुमचा वाटा १५,००० च्या मर्यादेवर १२ टक्क्यांनी १,८००, प्रशासन शुल्क आणि विमा मिळून १५०, ईएसआय सव्वातीन टक्क्यांनी ४९०. माणशी २,४४० रुपये, पाच जणांचे १२,२००. हा आकडा लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

राहिला प्रश्न मागच्या थकबाकीचा. तुम्हाला झोप लागू न देणारी भीती बहुधा हीच आहे. त्यासाठी आत्ता एक दार उघडं आहे. पीएफ कार्यालयाची कर्मचारी नावनोंदणी योजना १ नोव्हेंबर २०२५ ला सुरू झाली, ती ३० एप्रिल २०२६ पर्यंत आहे. १ जुलै २०१७ ते ३१ ऑक्टोबर २०२५ या काळात कामाला लागलेली, आजही कामावर असलेली आणि नोंदवायची राहून गेलेली माणसं मालकाने स्वतःहून आणायची. त्यांच्या पगारातून वर्गणी कापलीच नसेल तर कामगाराचा मागचा वाटा माफ होतो, मालकाने आपला वाटा व्याजासह भरायचा आणि दंडाऐवजी नाममात्र १०० रुपये. तुम्ही काही कापलेलं नाही, म्हणजे तुम्ही बसता. तरी रक्कम लहान नाही. ज्या बाई तुमच्याकडे सहा वर्षं आहेत, त्यांचा पगार सरासरी १०,००० धरला तर ७२ महिन्यांचे ८६,४०० होतात, वर व्याज. मशीनचा एक हप्ता मागे पडेल. पण एप्रिल उलटल्यावर हीच रक्कम कामगाराच्या वाट्यासह आणि खऱ्या दंडासह भरावी लागेल.

दुसऱ्या फर्मबद्दल थोडक्यात. करू नका. एकच शेड, एकच वीज मीटर, तीच मशीन, मालही एकाच पार्टीला जातो. कागदावर दोन पाट्या लावल्याने दोन आस्थापना होत नाहीत. शिवाय पीएफ एकदा लागू झाला की माणसं २० च्या खाली आली तरी तो चालूच राहतो. ज्यांनी हा सल्ला दिला त्यांना हे माहीत असायला हवं होतं. आणि जाऊबाईंचं नाव या फंदात घालू नका, नात्यात जन्मभराची कटकट होईल.

आता बेसिक-भत्त्यांचा गोंधळ. यावर सगळ्यांत जास्त अफवा आहेत, म्हणून जरा सावकाश जाऊ.

तुम्ही व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) ऑपरेटरची पगाराची पावती जोडली आहे. मूळ वेतन आणि डीए १२,०००, घरभाडं ६,०००, कन्व्हेयन्स ४,०००, वॉशिंग १,५००, इतर भत्ता ४,५००. एकूण २८,०००. नव्या कायद्यांतल्या 'वेतना'च्या व्याख्येत सगळा मोबदला आधी वेतनच समजायचा, आणि त्यातून कायद्याने नाव घेऊन वगळलेल्या गोष्टी वजा करायच्या. घरभाडं, प्रवास भत्ता, कामाच्या स्वरूपामुळे पडणारा खर्च, मालकाचा पीएफ वाटा, ओटी, बोनस, कमिशन अशी ती यादी आहे. या वगळलेल्यांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाली तर जास्तीचा भाग परत वेतनात येतो. पन्नास टक्क्यांचा नियम म्हणतात तो एवढाच. सगळ्यांचं बेसिक निम्मं करा असं त्यात कुठेच नाही.

तुमच्या पावतीत, ओटी आणि पीएफ क्षणभर बाजूला ठेवून, वगळण्याजोगं काय आहे? घरभाडं, कन्व्हेयन्स आणि वॉशिंग, मिळून ११,५००. २८,००० चे निम्मे १४,०००, म्हणजे मर्यादा ओलांडलेलीच नाही. पण 'इतर भत्ता' त्या यादीत नाही. कशासाठी देतो हे सांगता येत नाही, सगळ्यांना सरसकट मिळतो, तो भत्ता वेतनच. म्हणून या माणसाचं वेतन १२,००० नाही आणि १४,००० पण नाही. ते आहे १६,५००. पीएफपुरतं बोलायचं तर हे नवंही नाही. सरसकट दिलेला भत्ता पीएफसाठी मूळ वेतनात धरायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्येच सांगितलं. सात वर्षं 'इतर' हे नाव देऊन आपण सगळ्यांनी चालवून नेलं.

परिणाम काय? पीएफ तुम्ही १२,००० वर १,४४० कापत होता, आता १५,००० च्या मर्यादेवर १,८०० होईल. फरक ३६० तुमचा, ३६० त्याचा. अशा पावत्या १४ जणांच्या आहेत, म्हणजे तुमच्यावर महिन्याला ५,०४०. ज्यांचा पीएफ आधीच १५,००० वर जातो त्यांच्या हातातला पगार नव्या व्याख्येने कमी होत नाही, असा खुलासा केंद्रीय कामगार मंत्रालयाने डिसेंबर २०२५ मध्ये केला आहे. शेडमध्ये 'पगार कापणार' अशी कुजबुज सुरू असेल तर हे आधी सांगा.

आणखी एक बारीक गोष्ट. एकूण पगार २१,००० च्या वर म्हणून ज्यांना तुम्ही ईएसआयमधून बाहेर ठेवलं आहे, त्यांचं वेतन या व्याख्येने २१,००० च्या आत येतंय का, त्याची वेगळी यादी करा आणि ईएसआय कार्यालयातून लेखी विचारून घ्या. तोंडी उत्तरावर थांबू नका.

ग्रॅच्युइटीवर मात्र खरा भार आहे. तुमचा जुना टर्नर १४ वर्षांचा आहे, पावती हीच धरू. १२,००० ला २६ ने भागून १५ ने आणि १४ ने गुणलं तर ९६,९२३ येतात; तेच १६,५०० वर १,३३,२६९. एका माणसामागे ३६,३४६ चा फरक, आणि तो एकरकमी, माणूस गेल्यापासून ३० दिवसांत. छोटे कारखाने इथे हमखास अडचणीत येतात, कारण कुणीच आधी बाजूला काढत नाही. वर्षाला १५ दिवसांचं वेतन म्हणजे महिन्याला वेतनाच्या ४.८१ टक्के, या माणसाचे ७९३ रुपये. ८०० रुपये माणशी दरमहा वेगळ्या खात्यात टाका, किंवा विमा कंपनीची गट ग्रॅच्युइटी योजना घ्या. नव्या व्याख्येमुळे वाढलेला भाग माणशी २१६, चौदांचे ३,०३०. आणि कुणाला ठराविक मुदतीच्या पत्रावर ठेवलं असेल तर त्याला आता पाच वर्षं थांबावं लागत नाही, एक वर्ष भरलं की हिशेबाप्रमाणे ग्रॅच्युइटी लागते. 'करारावर ठेवा म्हणजे ग्रॅच्युइटी नको' हा जुना सल्ला आता चालत नाही.

आता ओटी. ताई, इथे मी तुमच्या बाजूने काहीच बोलू शकत नाही. लाइनीत सगळे ७० देतात हे खरं असेल, पण ओटी दुप्पट दराने द्यायचा हे आजचं नाही, कारखाने कायद्यात ते १९४८ पासून आहे. १६,५०० भागिले २६, भागिले ८, म्हणजे तासाला ७९ रुपये ३३ पैसे. दुप्पट १५८ रुपये ६५ पैसे. तुमचा ऑपरेटर महिन्याला ४० तास थांबतो. त्याला २,८०० मिळतात, मिळायला हवेत ६,३४६. दरमहा ३,५४६ रुपये तो मशीनवर उभा राहून तुम्हाला उसने देतोय, आणि ते परत येत नाहीत. ओटीवर नेहमी थांबणारे आठ जण आहेत, म्हणजे २८,३६८.

एवढा आकडा बघून पोटात गोळा येईल, मला कल्पना आहे. पण आधी ओटीचे तास कुठे जातात ते बघा. तुमच्यासारख्याच एका शेडमध्ये आम्ही पंधरा दिवस प्रत्येक ओटीच्या तासासमोर कारण लिहिलं. निम्म्याच्या वर तास एकाच कारणाने होते, कास्टिंग दुपारी चारनंतर यायचं. गाडीची वेळ सकाळी करून घेतली, ओटी उतरला. तुमच्याकडे कारण वेगळं असेल, सेटिंगला लागणारा वेळ असेल, टूल नसेल, लाइट जात असेल. तासाला ७० रुपये मोजताना हे शोधायची गरज कुणाला वाटत नाही. १५८ मोजायला लागले की आठवड्यात सापडतं.

सोडून गेलेल्या मुलाचं म्हणणं बरोबर आहे. काढलं असो किंवा त्याने स्वतःहून सोडलं असो, राहिलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं. त्याचा हिशेब उद्याच करा. त्याने उचल घेतली होती असं तुम्ही लिहिता. ती वळती करता येते, पण उचलीवर त्याची सही हवी, आणि एकूण कपात वेतनाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नये. सही नसेल तर ती रक्कम विसरा आणि पुढच्यांची सही घ्यायला लागा. बाकीच्यांचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत, पावतीसह. तुमच्या भिंतीवर 'तीन लेट मार्क, अर्धा दिवस' अशी पाटी आहे ना? ती काढा. जेवढा वेळ माणूस गैरहजर, तेवढ्याच वेळाचे पैसे कापता येतात.

दंडाची भीती तुम्हाला दाखवली गेली आहे, म्हणून तेही सांगतो. कमी वेतन दिल्याबद्दल ५०,००० पर्यंत दंड आहे, पाच वर्षांत पुन्हा तीच चूक झाली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे खरं आहे. पण पहिल्या वेळी खटला भरण्याआधी अधिकाऱ्याने लेखी सूचना देऊन सुधारायला मुदत द्यायची, हेही त्याच कायद्यात आहे. त्यापेक्षा जास्त लक्ष दुसऱ्या बदलाकडे द्या. कमी मिळालेल्या पैशांसाठी कामगाराला पूर्वी सहा महिने किंवा वर्षाच्या आत दावा करावा लागायचा, आता तीन वर्षं आहेत. आणि पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे. तुम्ही रोख दिलेले, वहीत नसलेले पैसे कायद्याच्या लेखी दिलेलेच नाहीत. मागच्या पानावरच्या पाच जणांना तुम्ही वेळेवर पगार दिलात, सणाला गोड दिलंत, तरी उद्या दाखवायला तुमच्याकडे काही नाही.

बेरीज करू या. पाच जणांची नोंदणी १२,२००, बायकांचा रोज ५,२००, पीएफचा फरक ५,०४०, ओटी २८,३६८, ग्रॅच्युइटी ३,०३०. मिळून ५३,८३८. किरकोळ धरून ५४,००० म्हणा. १५ लाखांच्या बिलिंगवर हे होतात ३.६ टक्के. एवढाच आकडा तुम्हाला सोडवायचा आहे, ताई. चार पानी पत्रातली सगळी धास्ती रुपयामागे साडेतीन पैशांच्या थोडी वर आहे. लहान नाही, तुमचा नफा किती बारीक आहे ते मला माहीत आहे. पण आता तो एक आकडा झाला, आणि आकडा घेऊन माणसाला पार्टीसमोर बसता येतं.

पार्टीबद्दल मला मनापासून राग आहे, आणि तो लपवत नाही. कामगाराला सातव्या दिवशी पैसे द्यायचे आणि आपल्याला ११० व्या दिवशी मिळणार, मधले दिवस कॅश क्रेडिटच्या, म्हणजे बँकेच्या खेळत्या कर्जाच्या, व्याजावर काढायचे. छोट्या कारखान्याची गोची पगाराच्या नियमांत जेवढी आहे त्याहून जास्त या दिवसांत आहे. तर ऐका. तुमची उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे, तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उद्योगात येता. २००६ च्या एमएसएमई कायद्याने तुम्हाला ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांतच. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, दर महिन्याला चक्रवाढ. तुम्ही म्हणाल, तक्रार केली तर पार्टीच जाईल. जाऊ शकते. म्हणून तक्रार हा शेवटचा उपाय ठेवा, आधी मार्च महिना वापरा.

आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून नियम असा आहे की सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी आयकरात वजा मिळत नाही. पैसे देईल त्या वर्षी मिळेल. म्हणजे ३१ मार्चला तुमचे जे ५० लाख त्यांच्याकडे अडकलेले असतात, त्यातल्या मुदत टळलेल्या भागावर त्यांना कर बसतो. त्यांच्या सीएला हे नेमकं ठाऊक असतं, खरेदी विभागाला नसतं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या अकाउंट्स विभागाला साधं पत्र द्या: उद्यम नोंदणी क्रमांक, थकलेल्या बिलांची तारीखवार यादी, आणि 'आपल्या लेखापरीक्षणासाठी माहिती' असा विषय. भांडणाचा एक शब्द नको. प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापायलाही सुरुवात करा. पार्टीची उलाढाल २५० कोटींच्या वर असेल तर त्यांना ट्रेड्स मंचावर ३१ मार्च २०२५ पर्यंत नोंदणी करायचीच होती. तिथे तुमचं मंजूर बिल बँक विकत घेते आणि पैसे तुम्हाला काही दिवसांत मिळतात. बिल तिथे टाकायला सांगा.

दरवाढ मागताना नुसते टक्के मागू नका. वरची बेरीज एका कागदावर मांडा, शेजारी कायद्याचं नाव. आणि रेट करारात एक ओळ घालून घ्या, की जानेवारी आणि जुलैत विशेष भत्ता बदलला की मजुरीच्या भागाचा दर त्या प्रमाणात बदलेल. स्टीलचा भाव वाढला की पार्टी दर वाढवून देते, कारण तशी ओळ करारात असते. माणसाचा भाव वाढला तर तशी ओळ नसते, एवढाच फरक आहे. एकट्याने मागायला जड जात असेल तर स्मॅक या शिरोलीच्या कारखानदार संघटनेत किंवा तिकडे गोकुळ शिरगावच्या गोशिमामध्ये विषय मांडा. लाइनीतले सगळे ७० रुपये ओटी देतात, तर लाइनीतले सगळे एकदम दर मागू शकतात.

कामगारांशी बोलायचं काम मिस्टरांवर ढकलू नका, तुम्ही बोला. पगार तुम्ही वाटता, विश्वास तुमच्यावर आहे. तीन मुलं म्हणतील, पीएफ नको, हातात द्या. दर वेळी म्हणतात. त्यांना सांगा की त्यांच्या १,८०० सोबत तुमचे १,८०० पण त्यांच्या पीएफ-पेन्शनमध्ये जातात, आणि नोकरीत असताना काही बरं-वाईट झालं तर घरच्यांना विम्याचे सात लाखांपर्यंत मिळतात. त्यातला एक बिहारचा आहे, घरी आई एकटी आहे असं तुम्हीच लिहिलंय. वारस म्हणून तिचं नाव लिहिताना त्याला ते आपोआप कळेल.

बर काढणाऱ्या बायकांच्या कागदांत वेळ जाईल, त्याची आधीच तयारी ठेवा. बहुतेक वेळा आधारवर माहेरचं नाव असतं, पासबुकावर सासरचं, आणि जन्मतारीख दोन्हीकडे वेगळी. पीएफचा नंबर आता उमंग अॅपवर चेहरा दाखवून काढायचा असतो आणि नाव जुळलं नाही की गाडी तिथेच अडते. आधार दुरुस्तीला दिवस लागतात, म्हणून हे काम एप्रिलवर ढकलू नका. त्यांना अर्धा दिवस भरपगारी द्या आणि कुणीतरी आधार केंद्रावर सोबत जा. शक्यतो तुम्हीच.

आणि ती हजेरी वही जपून ठेवा. नवीन मस्टर आलं की जुनी वही माळ्यावर जाते किंवा रद्दीत. पाच जण कधी कामाला लागले याचा पुरावा तुमच्याकडे तेवढाच आहे, आणि नावनोंदणीच्या अर्जात रुजू झाल्याची तारीख लागते. आज संध्याकाळी शेड बंद झाल्यावर मागचं पान उघडा, प्रत्येक नावासमोर पहिल्या दिवसाची तारीख लिहा, आणि या वेळी पेनाने.